सुमनताई आणि न उघडणारं पान

सुमनताई अहिरे फोन उचलून ‘हॅलो’ म्हणायच्या ते ऐकायलाच लोक आमच्या क्लासला उगाच फोन करतात, असा माझा कायमचा संशय होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभं आयुष्य काढून त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतलेली. समोरून बघाल तर ठेंगणी मूर्ती, जाड भिंगाचा चष्मा आणि खांद्याला एवढी मोठी पर्स, की तिच्यात स्कूटरची स्टेपनी मावावी. पण आवाज! अहो, त्या आवाजात ‘जरा थांबा’ ऐकलं तरी माणसाला वाटायचं, आज आपलं काहीतरी भलं होणार.

निवृत्त झाल्यावर बाई काय करते? पापड लाटते, नाहीतर तीर्थयात्रेला जाते. सुमनताईंनी सुरतेच्या उधन्यात कॉम्प्युटर क्लास काढला. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि खाली पॉवरलूम. दिवसभर खडखड, खडखड. मॉनिटर टेबलावर इंचइंच सरकायचे आणि संध्याकाळी ते पुन्हा जागेवर ढकलायचं काम माझ्याकडं. मी मंगल. आधी लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये डीटीपी करायची, तिथून ताईंनी मला उचलून आणलं. “पत्रिका छापून काय होतं? आधी लग्नं जमायला नकोत का?” म्हणाल्या. यात काय तर्क आहे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण मी गेले.

ताई बोलायच्या व्यापाऱ्याशी गुजराती, पोलिसाशी हिंदी, समाजाच्या बैठकीत अगदी पुस्तकी मराठी, आणि राग आला की थेट अहिराणी. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी अमळनेरकडून आलेले, घरची बोली तीच. ताईंनी “तुले काय करनं शे?” म्हटलं, की आम्ही ओळखायचो, आज वाद घालण्यात अर्थ नाही.

एकदा एका डाईंगवाल्या शेठचा फोन आला. सुनेच्या सर्टिफिकेटवर नाव चुकलं होतं आणि शेठ इतके तापले होते, की खालच्या लूमपेक्षा रिसिव्हरचा आवाज मोठा. ताई गोडीत म्हणाल्या, “थोभो शेठ, लाईन जोडते.” कुणाला जोडणार होत्या देव जाणे! रिसिव्हर टेबलावर ठेवला, चहा संपवला, अर्धी खारी बुडवून खाल्ली, तोंड पुसलं, आणि मग रिसिव्हर उचलला. “हां शेठ, बोला. केम छो?” पलीकडून शेठ मवाळ आवाजात विचारत होते, की नवं सर्टिफिकेट कधी मिळेल. फोन ठेवून मला म्हणाल्या, “मंगल, रागाला उत्तर द्यायचं नसतं गं. त्याला होल्डवर ठेवायचं असतं.”

राँग नंबर त्यांनी कधी असाच ठेवून दिला नाही. “कुठं लावायचा होता, माय?” असं विचारायच्या, आणि चांगले चार प्रश्न विचारून त्या माणसाला बरोबर नंबरापाशी नेऊन पोचवायच्या. कडोदऱ्याची एक बाई अशीच चुकून लागली होती, नवऱ्याच्या कारखान्यात फोन करायचा होता तिला. पुढं ती मुद्दाम चुकायला लागली. सासू, दूध, पोराचा खोकला, सगळं ताईंना सांगायची. मात्र दोन माणसं एकमेकांशी बोलत असली, की ताई तिथून उठायच्याच. “ऑपरेटरनं लाईन जोडायची आणि कान काढून घ्यायचा,” हा त्यांचा धर्म. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं तर हसून सांगायच्या, “सगळ्यांच्या लाईनी जोडत बसले, माझी कायम एंगेज.”

घरात त्या आणि त्यांच्या बहिणीची मुलगी रंजना. बहीण लवकर गेली, तेव्हापासून रंजना मावशीपाशीच वाढलेली. आमच्याच क्लासला शिकवायची. हुशार, उंच, तोंडानं फटकळ. तिला बघायला येऊन गेलेल्या लोकांबद्दल मी काही बोलत नाही, पण शेवटचा प्रसंग सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. मुलाची आत्या म्हणाली, “जरा दारापर्यंत चालून दाखव बरं.” रंजना उठली. दारापर्यंत चालली, दाराबाहेर पडली, जिना उतरली, रिक्षा केली आणि क्लासला येऊन फळ्यावर धडा लिहायला लागली. पाहुणे तिकडं बसून राहिलेले. सुमनताई त्यांना हात जोडून म्हणाल्या, “चाल बघितलीत ना तिची? आता तुमची बघू.”

आम्ही दोन दिवस हसत होतो. रंजना मात्र त्यानंतर गप्प झाली. शिकवण्यापुरतं बोलायची, घरी तेवढंही नाही. ताईंनी एकदा जिन्यात मला थांबवून सांगितलं, “मंगल, लग्न झालंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण ही भिंतीकडं बघत जेवते गं. उद्या मी नसले तर हिच्याशी बोलणारं कोण?” तो फोनवरचा आवाज नव्हता.

तर आता त्या पानाची गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि सुरतेत ज्याला त्याला वेबसाईट हवी होती. आमच्या बौद्ध समाजाच्या वधू-वर मंडळानं ठरवलं, की दरवर्षीच्या छापील पुस्तिकेऐवजी यंदा इंटरनेटवर पान करायचं. मंडळाचे अध्यक्ष भालेरावकाका, रेल्वेतले निवृत्त गार्ड. अजूनही बैठक सुरू करायला शिट्टी वाजवायचे. काम अर्थातच सुमनताईंकडं आलं.

पहिल्याच बैठकीत पेटलं. काकांचं म्हणणं, डॉक्टर-इंजिनिअर वर घ्या, मग पदवीधर, मग बाकीचे. ताई उठल्या. “म्हणजे डॉक्टर पहिल्या पंगतीला आणि वायरमन शेवटच्या?” काका म्हणाले, “अहो, तशी पद्धत आहे.” मग ताईंनी आपल्या आजोबांचं सांगितलं. गावच्या जेवणात सगळं गाव उठल्यावर, लांब, मातीत बसवायचे त्यांना, आणि वरून टाकायचे पानात. अगदी शांतपणे सांगितलं. “इथं पहिली पंगत, दुसरी पंगत मला नको. एकच तक्ता करायचा. सगळे एका तक्त्यात, सगळे एकदम.” काकांनी शिट्टी खिशात घातली आणि म्हणाले, “एकच तक्ता.”

फोटोंचंही तेच. कुणी पासपोर्टचा पाठवला, कुणी पोस्टकार्डाएवढा, एकानं तर बुलेटसकट. मी म्हटलं, सगळे एका मापात कापते. ताई कडाडल्या, “कुणाला कापायचं नाही! जो जसा आला, तसा बसेल.” मग बसवले तसेच. पन्नाससाठ चौकटी, कुणी रुंद, कुणी लांबुडका, एक बुलेटवर. रंजनाचं नाव त्यात नव्हतं. “मी काय साडी आहे, कॅटलॉगात लावायला?” म्हणाली, आणि सुरतेत राहून याला उत्तर कुणाकडं असणार?

पान चालू झालं. आमच्या मशीनवर झकास उघडायचं. तेव्हा दोन ब्राउझरांचा जमाना होता. नावं कशाला घ्या, आम्ही त्यांना जुना आणि नवा म्हणायचो. क्लासमध्ये नवा होता. आणि मंडळाचा मेळावा ज्या हॉलमध्ये भरणार, तिथल्या मशीनवर जुना! सोमवारी काकांनी तिथं पान उघडून बघितलं. पांढरं. चहा आला, चहा संपला, तरी पांढरं. मग एकदाचं सगळं दिसलं, तोवर काका जिना उतरून क्लासकडं निघालेले. “रविवारी मेळावा आहे, सुमनबाई. तोवर नाही सुधारलं तर हे पान बंद, आणि पुन्हा पुस्तिका.” शिट्टी वाजवली नाही, यावरून किती चिडले होते ते समजा.

त्याच दुपारी औरंगाबादहून फोन आला. संजय म्हणून कुणी, तिकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होता. धाकट्या बहिणीसाठी स्थळ बघायला पान उघडत होता. “मॅडम, तुमचं पान पांढरंच राहतं हो.” ताईंचे डोळे चमकले. “तुमच्याकडं कुठला ब्राउझर? जुना ना? अहो, तुम्ही तर देवासारखे भेटलात. उद्यापासून आम्हाला मदत कराल?”

दोष शोधायची त्यांची रीत एक्स्चेंजमधली. “दोष फोनमध्ये, तारेत, की आमच्याकडं? एकेक काढून बघायचं, घाई करायची नाही.” ठरलं असं, की मी पानात एकेक बदल करायचा, इकडं नव्यात रंजनानं उघडायचं, तिकडं जुन्यात संजयनं, आणि दोघांनी फोनवर एकमेकांना सांगायचं काय दिसतंय. फोन त्याच्या ऑफिसातून यायचा, जेवणाच्या सुट्टीत. रिसिव्हर रंजनाच्या हातात दिला, की ताई धर्माप्रमाणे उठून बाहेर जायच्या. मी कुठं जाणार? माझं मशीन तिथंच होतं.

“आलं?” रंजना विचारायची.

मग बराच वेळ काही नाही.

“माझ्याकडं अर्धं दिसतंय. तुमचं पांढरंच?... हं. थांबते.”

आता मला सांगा, पान पांढरं असताना फोनवर दोन माणसं करणार काय? मंगळवारी त्यानं विचारलं असावं, की तिकडं मागं पाऊस पडतोय का, कारण रंजना म्हणाली, “पाऊस कुठला? लूम आहेत खाली.” मग सुरतेच्या डाळीत गूळ घालतात यावर बोलणं झालं. त्याला ते पटेना. “खोटं सांगते का मी? गोड डाळ! शेवभाजीसुद्धा इथं येऊन गोड झाली.” आणि रंजना हसली. मी चाचपडत माऊस शोधला, कारण ते हसणं मी विसरूनच गेले होते. बाहेर पॅसेजमध्ये ताईंच्या चपलांचा आवाज थांबला.

बुधवारी मी रिंग रोडवरच्या ओळखीच्या दुकानातून जुन्या ब्राउझरची सीडी आणली आणि कोपऱ्यातल्या मशीनवर चढवली. सगळे फोटो काढून टाकून बघितलं, तर तक्ता झटक्यात आला. एक फोटो घातला, अडखळला. आणि डोक्यात प्रकाश पडला. प्रेसमध्ये आम्ही काय करायचो? आधी मापाची चौकट आखायची, मग फोटो ओतायचा. इथं एकाही फोटोचं माप लिहिलेलं नव्हतं! नवा ब्राउझर येईल तसं मांडत जायचा आणि मग सरकवासरकव करत बसायचा. जुन्याचा खाक्या वेगळा. तक्त्यातल्या प्रत्येकाला किती जागा लागणार हे कळल्याशिवाय तो कुणालाच बसवायचा नाही. आणि आमचे सगळे तर एकाच तक्त्यात, प्रत्येक जण आपापल्या मापाचा. पानात नुसती लांबी-रुंदी लिहिली, की काम फत्ते. सीडी हातात घेऊनच ताईंना आनंदानं सांगायला धावले.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “म्हणजे पाट आधी मांडायचे, वाढायचं मागून,” म्हणाल्या. “तक्ता तोडावा लागणार नाही ना?”

“अजिबात नाही. उलट सगळे एकदम दिसतील. आत्ता करून टाकते.”

त्यांनी माझं मनगट धरलं. आतून रंजनाचा आवाज येत होता. ती संजयला आपली उंची सांगत होती, म्हणजे बघायला आलेल्यांची, दारापर्यंत चालल्याची गोष्ट चालली असणार, आणि मधेमधे दोघं हसत होती.

“आज नको,” ताई हळूच म्हणाल्या.

“अहो ताई, काका—”

“काकांना होल्डवर ठेव.”

“पण पान बंद करतील ते! तुमचं नाव जाईल समाजात.”

“जाऊ दे. मंगल, दोन वर्षांत ही पोरगी एवढी बोललेली नाही. दोष सुधारला, की फोन बंद. कळतंय का तुला?” सीडी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि पर्समध्ये टाकली. त्या पर्समध्ये गेलेली वस्तू बाहेर येत नाही, हे साऱ्या उधन्याला ठाऊक होतं.

गुरुवारी मी काय बदल केला? पानाचा रंग बदलला. शुक्रवारी शीर्षक जरा मोठं केलं. “अजून पांढरंच?” रंजना विचारायची आणि मी मान खाली घालून कीबोर्ड पुसायची. शुक्रवारी काका आले, आणि ताईंनी त्यांना संध्याकाळपर्यंत चहा, खमण आणि रेल्वेच्या आठवणींत असं गुंतवलं, की जाताना तेच म्हणाले, “घाई नाही, उद्या बघू.”

शनिवारी मात्र इलाज नव्हता. सकाळी बसून मी सगळ्या फोटोंची मापं लिहिली, बुलेटवाल्याचंसुद्धा. दुपारी फोन आला. ताई बाहेर गेल्या, पण दार लोटलं नाही त्यांनी, खोटं कशाला बोलू.

“आलं?” रंजनानं विचारलं. मग तिचा चेहराच पडला. “आलं? सगळं? एकदम?... बरं झालं की.”

खाली लूम खडखडत होते आणि ती रिसिव्हर कानाला लावून नुसती बसून होती.

“हं. मग बघा आता तुमच्या बहिणीसाठी... मी? नाही, मी नाही त्यात... मला नाही आवडत तसं.” मग तिनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. “तुम्ही तरी आहात का त्यात?... मग?” आणि एकदम, कानापर्यंत लाल होत, “पान बिघडलं नाही तर फोन करता येत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

दाराबाहेर काहीतरी पडलं. पर्स असावी.

फोन ठेवून रंजना बाहेर गेली. “मावशी, उद्या मेळाव्याला ते येतायत. रात्रीच्या बसनं निघतील.”

“बहिणीला घेऊन?”

“बहिणीला. आणि आईलाही.”

“बरं,” ताई म्हणाल्या, आणि वळून पुन्हा पॅसेजमध्ये गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या तेव्हा चष्मा हातात होता.

मेळाव्यात हॉलमधल्या जुन्यावर पान उघडलं आणि सगळ्या चौकटी एकदम उमटल्या, मग एकेक चेहरा आपापल्या जागी आला. काकांनी जी शिट्टी वाजवली ती स्टेशनपर्यंत ऐकू गेली असेल. संजय मागच्या रांगेत होता. बारका, चष्मेवाला, रंजनापेक्षा थोडा बुटकाच. तिच्या उंचीचं त्याच्या आईला काही वाटतंय का, म्हणून मी टक लावून बघत होते, तर त्या माऊलीनं रंजनाला जवळ बोलावून विचारलं, “का गं, डाळीत खरंच गूळ घालतात?” म्हणजे घरी सगळं सांगून झालं होतं तर! बहिणीचं स्थळही पुढं त्या पानावरूनच जमलं, जवळच्या सचिन गावच्या एका वायरमनशी. पण आमच्या पानाचं पहिलं लग्न जमलं ते पानावर नसलेल्या दोघांचं.

लग्न उधन्यातच झालं. दुसऱ्या दिवशी पोचवायला आम्ही स्टेशनवर. भुसावळ पॅसेंजर, पुढं औरंगाबादची बस. खिडकीत रंजना, शेजारी संजय. सुमनताईंच्या सूचना चालू होत्या. पाणी उकळून पी, पोचल्यावर फोन कर, सासूबाईंशी वाद घालू नको, आणि घातलास तर जिंकूनच ये. डोळ्यांत टिपूस नाही. आवाज अगदी एक्स्चेंजमधला. मी मनात म्हटलं, बाई कसली कणखर आहे.

गाडीनं हिसका दिला आणि रंजना खिडकीतून वाकली. “मावशी, एक सांगू? रागावशील?”

“सांग ना.”

“त्या फोटोंच्या मापांचं मला मंगळवारीच कळलं होतं.”

“काय?”

“मंगळवारी! मंगलताईच्या आधी!” गाडी सुटली होती, ती ओरडून सांगत होती. “मी बोललेच नाही!”

ताई दोन पावलं गाडीबरोबर चालल्या आणि थांबल्या. तोंड उघडं. मग हसू फुटलं. इतकं, की त्या प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसल्या, पर्स पोटाशी धरून, खांदे गदगदत. हमाल बघायला लागले. खिडकीतला हात लहान होत गेला, तरी यांचं हसू थांबेना, आणि चष्म्याखालून पाणी वाहतंय याचं भान नाही. मी पदर पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला.

“बघितलंस मंगल?” त्या म्हणाल्या. “मले बनवी गई! पोरगी माझीच गं, माझीच!”